नर्मदेला उतार पडला की

नर्मदेच्या दक्षिण काठावर हंडिया, उत्तर काठावर नेमावर. मधले पात्र पावसाळाभर कोणाला जुमानत नाही. आश्विन सरत आला की पाणी ओसरू लागते आणि कार्तिकात घोड्यावरून पलीकडे जाता येईल असे उतार मोकळे होतात. दोनशे वर्षांपूर्वी या काठावर हजारो स्वार त्या दिवसाची वाट पाहत तळ देऊन बसलेले असत. नेमावर आज देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला येते. चितू पेंढाऱ्याची ठाणी नेमावरला आणि जवळच्या सातवासला होती.

दसरा हा आपण मराठी माणसांनी निघणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला सण. शस्त्रांची पूजा करायची, सीमोल्लंघन करायचे, ओवाळून घेऊन स्वारीला बाहेर पडायचे. माळव्यातल्या शेतकऱ्याने तोच दसरा ज्याच्या दारात स्वारी येते त्याच्या बाजूने पाहिला. तेव्हा त्याच्या शेतात ज्वारी कणसांवर आलेली असे आणि काळ्या जमिनीत गहू-हरभऱ्याची पेरणी चाललेली असे. घोड्याला वैरण आणि स्वाराला दाणा नेमका त्याच दिवसांत रानात उभा असायचा. म्हणून फौजेचे पंचांग आणि शेतीचे पंचांग एकमेकांत अडकलेले होते आणि त्याची किंमत शेतकरी मोजत होता. 1795 ते 1818 या काळात धार आणि देवासच्या मुलुखात सामान्य माणसाचे आयुष्य कसे पालटले, हे समजायला लढायांच्या तारखांपेक्षा हे पंचांग जास्त उपयोगी पडते.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. 29 नोव्हेंबर 1728 रोजी चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याला गिरिधर बहादूर आणि दया बहादूर या मोगल सरदारांचा मोड केला, त्या लढाईत उदाजी पवार होते. पुढे धार आनंदराव पवारांकडे आले. देवास तुकोजी आणि जिवाजी या भावांनी वाटून घेतले आणि त्यांच्या वंशात थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदू लागल्या. पवारांबरोबर कारकून आले, फडणीस आले, शिलेदार आले, भिक्षुक आले. घाटावरच्या घरांतून निघालेली ही मराठी कुटुंबे माळव्याचीच झाली. धारचे यशवंतराव 1761 मध्ये पानिपतावर पडले आणि मागे राहिलेले खंडेराव तेव्हा अगदी लहान होते. इथवरची हकिगत आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. त्यानंतरची फारशी सापडत नाही, कारण ती विजयाची नाही.

पेशव्यांच्या घरातल्या भांडणाची झळ धारला पहिल्यांदा 1775 च्या सुमारास लागली. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा पळत होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला आल्या आणि तिथेच जानेवारी 1775 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पुण्याच्या कारभाऱ्यांची फौज धारवर आली. ज्या पक्षाला आसरा दिला त्याच्या वैऱ्यांना तोंड देणे खंडेरावांच्या नशिबी आले. आश्रय कोणाला द्यायचा हे गादीवर बसलेल्याने ठरवले आणि वेढ्याच्या काळातली महागाई मात्र गावाने सोसली. ही रीत पुढे चाळीस वर्षे चालू राहिली.

मधल्या काळात माळव्याला उसंत मिळाली ती मुख्यतः अहिल्याबाईंमुळे. त्यांचा मुलुख आणि पवारांचा मुलुख एकमेकांत मिसळलेला होता. एका शिवारातून निघून दुसऱ्यात पाऊल टाकले की धनी बदलत असे. अशा ठिकाणी एका शेजाऱ्याची घडी नीट बसलेली असली की दुसऱ्यालाही निवांतपणा मिळतो. महादजी शिंदे 1794 मध्ये गेले, अहिल्याबाई 13 ऑगस्ट 1795 रोजी गेल्या, तुकोजी होळकर 1797 मध्ये गेले. तीन वर्षांत तीन आधार तुटले. दौलतराव शिंदे आणि यशवंतराव होळकर यांच्यात वैर पेटले आणि रणांगण झाला माळवा. जुलै 1801 मध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव करून उज्जैन लुटले. ऑक्टोबरात दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी त्याचा सूड इंदूरवर उगवला. देवास या दोन्ही शहरांच्या जवळ आहे, दोन्हीकडे एका दिवसाची मजल. जाणाऱ्या फौजेची झळ देवासला लागे आणि येणाऱ्या फौजेचीही.

फौज गावाजवळून जाते म्हणजे काय होते? कत्तल फार क्वचित होत असे. बहुतेक वेळा मागणी येई. घासदाणा हा करच मुळी घोड्याच्या तोंडासाठी होता. त्यावर खंडणी, त्यावर भेट, आणि पैसा हाती येईपर्यंत पटेल, चौधरी किंवा सावकार यांपैकी कोणीतरी ओलीस. पवारांचा वसूल द्यायचा तो वेगळाच. डोंगराच्या कडेच्या गावांना गिरासिया ठाकुरांचा तनखा वेगळा द्यावा लागे. न दिल्यास तेही गाव मारत. म्हणजे एकाच खळ्यावरच्या राशीला चार-पाच हात लागायचे आणि त्यांतला कुठलाही हात दुसऱ्याचा हिशेब मानत नसे. फौजेचा पगार महिनोन्‌महिने थकलेला असायचा. शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत आणि सरदार त्यांना एखादा परगणा दाखवून मोकळा होई. युद्धाचा खर्च असा थेट शेतकऱ्याच्या अंगणात येऊन उभा राहत असे.

शेती यातून कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. माळव्यात पैसा देणारी पिके म्हणजे ऊस आणि अफू. दोन्हींना विहीर हवी, मोट हवी, बैलजोडी हवी आणि कित्येक महिने जागा न सोडता राबणारी माणसे हवीत. लुटारूंनी आधी जनावरे हाकून न्यावीत हे ठरलेले. बैल गेले की मोट बंद, मोट बंद की बागाईत बंद. ज्याच्या जवळ भक्कम भिंतीचा कसबा होता त्यालाच अशी पिके परवडत. बाकीच्यांनी लवकर येणारे, लवकर कापता येणारे आणि गेले तरी कंबर मोडणार नाही असे धान्य टाकायचे. दूरची शेते पडीक पडली. गावाच्या भिंतीपासून हाक ऐकू जाईल एवढ्याच टापूत नांगर चालू लागला. गावोगावी मातीच्या गढ्या होत्या आणि धुळीचा लोट दिसला की माणसे पोरेबाळे आणि गुरे घेऊन आत शिरत. तोफ असलेल्या फौजेपुढे त्या मातीचा काय पाड लागणार? भाल्याने लढणाऱ्या घोडेस्वारांना मात्र ती अडवत असे, कारण वेढा घालून बसायला त्यांना सवड नसायची.

धान्य पेवात गेले, दागिने जमिनीत गेले. यातूनच सर्वांत भयंकर गोष्ट उद्भवली. संपत्ती पुरलेली आहे हे लुटणाऱ्याला ठाऊक असायचे आणि ती कुठे पुरली आहे हे फक्त घरच्याला ठाऊक असायचे. पेंढाऱ्यांच्या छळाच्या ज्या हकिगती सगळीकडून सारख्याच ऐकू येतात त्यांचे कारण हे आहे. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो तोंडाला बांधायचा आणि पाठीवर रट्टे मारायचे, म्हणजे श्वासाबरोबर राख आत जाते. त्यातून जे वाचले त्यांचीही फुप्फुसे कायमची कामातून गेली. हे लिहितानाही हात अडखळतो, पण ‘पेंढारी लूट’ हा शब्द शाळेत आपण इतका सहज शिकतो की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. बायका विहिरी जवळ करत. पकडलेल्या बायका-मुलांची विक्री होत असे आणि त्यांतली काही मुले पुढे त्याच तळांवर वाढली.

पेंढाऱ्यांचे तंत्र साधे होते. बरोबर तंबू नाही, बाजारबुणगे नाही, तोफ नाही. चांगली घोडी आणि बारा ते अठरा फुटी बांबूचे भाले काही शेकड्यांकडे. उरलेले तट्टांवर, हाती जे लागेल ते घेऊन. चाळीस-पन्नास मैलांची मजल एका दिवसात. स्वारी दक्षिणेत निजामाच्या, भोसल्यांच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखात जायची आणि लूट घेऊन नर्मदाकाठी परतायची. तिथे व्यापारी माल घ्यायला येत, म्हणजे या लुटीची नेहमीची बाजारपेठच नेमावरला उभी होती. चितूला आणि पेंढाऱ्यांचा दुसरा म्होरक्या करीमखान याला दौलतराव शिंद्यांनी नबाबी किताब आणि जमिनी दिल्या होत्या. आपल्या मुलुखाला त्रास होऊ नये म्हणून लुटारूला जवळचाच परगणा तोडून द्यायचा, असा तो व्यवहार होता. धारचा बैरसिया परगणाही करीमखानाच्या हाती गेला होता.

पेंढारी कोण होते, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. त्यांच्यात हिंदू होते, मुसलमान होते. जुन्या टोळ्या मराठी फौजांच्या आगेमागे चालत आल्या होत्या. शिंदेशाही आणि होळकरशाही अशी त्यांची नावेच होती. 1803 ते 1805 च्या युद्धानंतर कंपनीशी तह झाले, फौजा मोडल्या, हजारो स्वारांची भाकरी गेली. ज्या पोरांची शेते उद्ध्वस्त झाली त्यांनाही दुसरा रस्ता उरला नव्हता. एक दिवस गाव लुटले गेले आणि पुढच्या दसऱ्याला त्याच गावातला तरुण भाला घेऊन टोळीत सामील झाला, हे माळव्यात पुन्हा पुन्हा घडले. लुटणारा आणि लुटला जाणारा अशी दोन जातींची माणसे तिथे नव्हती. युद्धाने एकालाच दोन्ही भूमिका करायला लावल्या.

प्रवास आणि व्यापार थांबले असतील असे आपल्याला वाटते. ते थांबले नाहीत, आणि मला या साऱ्या काळातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. उज्जैन-इंदूरच्या पेढ्यांनी हुंड्या चालू ठेवल्या. माल पाठवायचा तर हुंडाभाडे ठरवायचे: वाहतूक, वाटेतली जकात आणि जोखीम या तिन्हींची मिळून एक रक्कम, आणि माल बुडाला तर भरपाई ठेकेदाराने द्यायची. धोका वाढला की दर चढायचा, पण सौदा व्हायचा. तांड्याबरोबर चारण किंवा भाट घ्यायची पद्धत होती. हल्ला झाला तर तो स्वतःच्या अंगावर कट्यार चालवून घेईल आणि त्या हत्येचे पाप लुटणाऱ्याच्या माथी बसेल, या भीतीने राजपूत आणि भिल्ल टोळ्या हात आवरत. राजाचे संरक्षण संपले त्या जागी एका निःशस्त्र माणसाच्या मरणाच्या धमकीवर कापसाचे आणि कापडाचे बैल घाट उतरत होते. विंध्याच्या घाटवाटांवर भिल्ल आणि भिलाले नाईक वाटसरूंकडून पैसे घेत. मांडूच्या बाजूला जामनियाच्या नादिरसिंग भिलाल्याचा दरारा होता. त्यांच्याही मुलुखातून फौजा गेल्या होत्या आणि त्यांनाही डोंगरात मागे रेटले गेले होते, हे विसरू नये.

ज्यांना हे सोसवेना ते निघून गेले. कोट्याला जालिमसिंगाचा अंमल होता. तिथला सारा भारी होता, पण पेरलेले कापायला मिळण्याची खात्री होती. माळव्यातली कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून तिकडे गेली. आपला मुलुख सोडून भारी साऱ्याच्या बंदिस्त मुलुखात माणसे आपणहून जातात, यावरून मागे काय चालले होते याची कल्पना यावी.

राजघराण्यांचेही जगणे यातून सुटले नाही. देवासच्या दोन्ही पात्यांचे राजे तुकोजीराव आणि आनंदराव यांच्या हाती नावापुरतेच राज्य उरले होते. धारची गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि ती एका बाईची आहे.

1807 साली दुसरे आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. घराण्यातला एक दासीपुत्र, मुरारराव, गादीवर हक्क सांगत होता. मैनाबाई मांडूला गेल्या. मांडू तेव्हा सुलतानांची राजधानी राहिली नव्हती. झाडोऱ्याने गिळलेले महाल आणि वाघांचा वावर. अशा जागी एका राजाच्या विधवेने मुलाला जन्म दिला. नंतर मुलाला घेऊन त्या धारला आल्या, किल्ल्यात शिरल्या आणि मुराररावाच्या वेढ्यापुढे त्यांनी दार उघडले नाही. बडोद्याच्या गायकवाडांची मदत मिळाली तेव्हा वेढा सुटला. पुढे तो मुलगा वारला. मैनाबाईंनी बहिणीच्या मुलाला दत्तक घेतले, त्यालाही पहिल्या मुलाचेच रामचंद्रराव हे नाव दिले आणि कारभार हातातून सोडला नाही. बापू रघुनाथ हे त्यांचे दिवाण.

एवढ्या धैर्याने वाचवले ते काय? शिंदे, होळकर, पठाण सरदार अमीरखान, पेंढारी या सर्वांनी तोडून नेल्यावर धारकडे किल्ला, भोवतालची जमीन आणि सुमारे 35 हजार रुपयांचा वसूल उरला. बदनावर गेले, बैरसिया गेले. मैनाबाईंबद्दल मला अपार आदर वाटतो आणि तरीही हे सांगितले पाहिजे की पगाराविना ठेवलेली शिबंदी कोणत्याही संस्थानाची असो, ती शेजारच्या मुलुखात शिरूनच पोट भरत असे. धारची राणी टिकली तशीच कुठल्या तरी शेजारच्या गावाची ज्वारीही त्यापायी गेली. भाडोत्री शिपायांवर टेकलेल्या या राज्यांचे दुखणे पुढेही बरे झाले नाही. 1857 मध्ये याच किल्ल्यात पगारी विलायती (म्हणजे अफगाण) आणि मकराणी शिपाई शिरले, ऑक्टोबरात इंग्रजी तोफांचा मारा सुरू झाला, महिनाअखेरीच्या रात्री शिबंदी निसटून गेली. संस्थान जप्त झाले आणि 1860 मध्ये परत मिळाले तेव्हा बैरसिया भोपाळच्या बेगमेकडे गेले होते. गादीवर तेव्हा अल्पवयीन आनंदराव होते. धारच्या माणसांनी दोन पिढ्यांत दुसऱ्यांदा वेढ्याचे दिवस काढले.

युरोपातही असे घडले आहे. 1618 ते 1648 या तीस वर्षांत जर्मन प्रदेशांत याच रीतीच्या फौजा फिरत होत्या: पगार थकलेला, पोट गावावर, खंडणी न दिल्यास जाळपोळ. 1631 मध्ये माग्डेबुर्ग शहर जळाले तेव्हा सुमारे वीस हजार माणसे मेली. उल्मजवळच्या एका खेड्यातला हान्स हेबर्ले हा चांभार त्या सगळ्या वर्षांची नोंदवही लिहीत राहिला. शत्रू आला की बायकामुलांना घेऊन तो उल्मच्या तटाआड पळत असे. अशा तीसेक पळापळी त्याने पाहिल्या. मुले गेली, दाणा महागला, घर लुटले गेले, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, म्हणून जर्मन माणसाला आपल्या त्या काळाचा आवाज आजही ऐकता येतो.

देवासच्या चांभाराने, धारच्या बलाईने असे काही लिहून ठेवले नाही. आपल्याला जे कळते त्यातले पुष्कळ सर जॉन माल्कमच्या 1823 च्या ग्रंथातून. तो स्वतः लढून आलेला सेनानी होता, कंपनीचा मुत्सद्दी होता, आणि कंपनी येण्याआधी किती अंधार होता हे दाखवण्यात त्याचा स्वार्थ होता. त्याचे शब्द तोलून घ्यावे लागतात. कंपनीने उत्तरेकडच्या फौजा मोडल्या, मुलुख कापले, आणि बेकार झालेले स्वार टोळ्यांत गेले, ही बाजू तो हळू आवाजात सांगतो. मार्च 1816 मध्ये पेंढारी कंपनीच्या गुंटूर जिल्ह्यात शिरले. नंतर नेमलेल्या चौकशीत 339 गावे लुटली गेली, 182 माणसे मारली गेली, 505 जखमी झाली आणि 3,603 जणांचा छळ झाला असे मोजले गेले. बारा दिवसांच्या आत घडलेल्या प्रकाराची ही मोजदाद. माळव्यात वीस वर्षे जे चालले त्याची अशी घरटी नोंद कोणी केली नाही, कारण तिथला सारा तेव्हा कंपनीला मिळत नव्हता.

तरीही माल्कमच्या पुस्तकातले एक कोष्टक मी खरे मानतो, कारण ते सारावसुलीच्या कागदांवरून आलेले आहे आणि ते कागद मराठी कारकुनांच्या हातचे आहेत. होळकरांच्या मुलुखात 3,701 गावे होती. 1817 मध्ये त्यांपैकी 2,038 गावांत वस्ती होती. 1,663 गावे बेचिराग होती, म्हणजे त्यांत संध्याकाळी दिवा लावणारे घर नव्हते. दर शंभरांत पंचेचाळीस गावे. पवारांची गावे याच गावांच्या शेजारची, याच वाटांवरची. हे आकडे वाचताना मराठी वाचकाने मान वळवू नये असे मला मनापासून वाटते. अटकेपार गेलेल्या घोड्यांचा अभिमान आपण बाळगतो. त्या घोड्यांनी खाल्लेली ज्वारी कोणाची होती, तेही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. ज्यांनी लुटले ते सरदार आपले, ज्यांनी वसुली लिहिली ते कारकून आपले, आणि माळव्यात रुजलेल्या मराठी घरांनी हे सारे भोगले तेही आपलेच.

1817 च्या दसऱ्यानंतर चक्र थांबले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने एक लाखाहून मोठे सैन्य चारी बाजूंनी माळव्याभोवती आणले. 21 डिसेंबरला महिदपूरला होळकरांची फौज मोडली. आदल्याच दिवशी त्यांच्याच फौजेतल्या पठाणांनी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईला क्षिप्रेच्या काठी मारले होते. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला. करीमखान शरण आला आणि त्याला गोरखपुराकडे जमीन मिळाली. धारच्या किल्ल्यात जन्मलेला बाजीराव जूनमध्ये त्याच माल्कमच्या स्वाधीन झाला. चितू शेवटपर्यंत पळत राहिला. 1819 च्या सुरुवातीला अशीरगडाने दार लावून घेतल्यावर तो एकटाच सातवास-कांटाफोडच्या बाजूच्या जंगलात शिरला आणि तिथे वाघाने त्याला मारले. ज्या रानाला त्याच्या स्वाऱ्यांनी माणसांपासून रिकामे केले होते, तेच ते रान.

12 डिसेंबर 1818 रोजी देवासशी आणि 10 जानेवारी 1819 रोजी धारशी कंपनीचा तह झाला. बदनावर, बैरसिया धारला परत मिळाले. बदल्यात बांसवाडा आणि डुंगरपूरवरचे खंडणीचे हक्क सोडावे लागले. स्वातंत्र्य गेले, हे खरेच आहे, आणि त्याची चर्चा इतरत्र पुष्कळ झाली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या वर्षी जे घडले ते वेगळे होते. कौल निघाले. पडीक जमीन उठवणाऱ्याला पहिली वर्षे नाममात्र सारा आणि पुढे दरवर्षी थोडी चढ, असा इस्तावा ठरू लागला. गिरासियांचा तनखा ठरवून सरकारमार्फत द्यायची व्यवस्था झाली, म्हणजे त्यासाठी गाव मारण्याचे कारण उरले नाही. मांडूच्या अलीकडे नालछाला माल्कमने एक पडका महाल राहण्यासाठी दुरुस्त करून घेतला. त्या ओस गावात वस्ती परत आणणे हे त्याचे एक काम होते.

आणि लोक परत आले. वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी आले. ज्यांनी गाव सोडले होते ते बहुतेक मेलेले होते. आले ते त्यांचे मुलगे आणि नातू. पटेलकी वंशाची असल्यामुळे पटेलाचा वारस पुढे हवा, मग तो अंगावर पिणारा का असेना. अशी तान्ही पटेल मुले कडेवर घेऊन जथे गावाच्या शिवेवर पोचले, असे माल्कमने लिहिले आहे. कोणती भिंत कोणाची, कोणता बांध कोणाचा, हे सगळ्यांना आजोबांकडून पाठ होते. कज्जा न होता ज्याने त्याने आपली जागा ताब्यात घेतली आणि थोड्याच दिवसांत नांगर चालू लागले. कागद नव्हता, कचेरी नव्हती. परमुलुखात दोन पिढ्या काढताना ही माणसे रात्री मुलांना आपल्या शेताच्या सीमा सांगत राहिली असली पाहिजेत. त्याशिवाय हे घडणे शक्य नाही.

रान मात्र सहज मागे हटले नाही. वीस वर्षांत झुडपे घरांत शिरली होती आणि वाघ शिवारात वस्तीला आले होते. परतलेल्या माणसांना शेतांसाठी जनावरांशी झगडावे लागले. बी-बियाणे आणि बैल यांसाठी सावकाराचे कर्ज काढावे लागले आणि ते फेडायला कित्येक हंगाम गेले.

होळकरांच्या दप्तरात पुढच्या तीन वर्षांची नोंद आहे. 1818 मध्ये 269 गावे पुन्हा वसली, 1819 मध्ये 343, 1820 मध्ये 508. उरलेल्या 543 गावांना आणखी थांबावे लागले.